सुई, तबकडी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की रेकॉर्ड ऐकायचा शौक असेल तर आधी सुई नीट बसवा आणि मग पाकिटाला हात घाला, त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं पानच माझ्या गळ्यात मारलं. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. बरेच प्रश्न सारखेच होते, म्हणून चार निवडलेत.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): रिटायर झाल्यावर हौसेनं सिस्टिम घेतली. टर्नटेबल, फोनो स्टेज (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा), अॅम्प्लिफायर, उंच स्पीकर, सगळं मिळून साडेचार लाख गेले. रेकॉर्ड सुरू होते तेव्हा आवाज अगदी स्वच्छ असतो, पण बाजू संपत आली की 'स' आणि 'श' फाटतात, पेटी किरकिरते. दुकानदार म्हणतो ऐंशी हजाराची कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी डबी) लावा, सगळं ठीक होईल. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही स्वतःच रोग सांगितलाय, फक्त बाजूच्या शेवटी त्रास होतो म्हणजे बिघाड अॅम्प्लिफायरचा नाही न् स्पीकरचाही नाही, ते काय बाजूची सुरुवात-शेवट बघून वाजतात? बघा, एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, बाहेर असो की आत. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ आली की जेमतेम 21. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीनं कोंबलेला असतो. आणि आपल्याकडे गंमत अशी की ख्यालाच्या एलपीत बाहेरच्या मोकळ्या जागेत विलंबित असतो, तंबोरा निवांत चाललाय, गवई एकेक सूर लावतोय, आणि द्रुत, ताना, सगळी धावपळ नेमकी त्या आतल्या गल्लीत येते. आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा तालातला ख्याल ज्यानं कसाही लावलेल्या सुईवर ऐकलाय त्याला सुरुवातीला काहीच खटकणार नाही, ताना आल्या की कळेल.

आता दुरुस्ती. रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत सरकतं पण आपला टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) एका टोकाला खिळलेला, तो कमानीत फिरतो, त्यामुळे सुई खाचेला अगदी बरोबर सरळ येते ती पूर्ण बाजूत दोनच जागी. नेहमीच्या हिशोबात त्या जागा केंद्रापासून 66 आणि 121 मिलिमीटरच्या आसपास धरतात. कार्ट्रिज एखादा मिलिमीटर जरी पुढेमागे बसली तरी हा हिशोब चुकतो आणि भुर्दंड आतल्या खाचांवर पडतो. नेटवर प्रोट्रॅक्टर (त्या दोन जागांच्या खुणा आणि रेघा छापलेला कागद) फुकट मिळतो, प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद ठेवा नाहीतर कागद छोटा छापला जातो आणि तुम्ही चुकीच्या मापाला बरोबर बसवत बसता (माझी एक आख्खी संध्याकाळ यात गेली आहे). स्क्रू अर्धवट सैल करा, कार्ट्रिज दोन्ही खुणांवर रेघांना समांतर आली की घट्ट करा. समोरून बघताना सुई उभी हवी, एका अंगाला कललेली नको.

मग वजन, म्हणजे सुई खाचेवर किती दाब देते ते. इथे सगळे घाबरून कमी ठेवतात, रेकॉर्ड झिजेल म्हणून, आणि होतं उलटंच. वजन कमी पडलं की सुई खाचेत उडते, भिंतींवर आपटते, आणि रेकॉर्ड जास्त खराब होते. कंपनी जे सांगेल ते ठेवा, ऑर्टोफॉन टू-एम ब्लूला 1.8 ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-95 ला 2 ग्रॅम. टोनआर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका, छोटा डिजिटल काटा मिळतो, दोन दशांशाचा घ्या. अँटी-स्केटिंग (टोनआर्म आत ओढला जातो त्याला उलटा ताण) साधारण वजनाच्या आकड्याइतकंच. मी हे सगळं पहिल्यांदा केलं तेव्हा तीन संध्याकाळ टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो होतो आणि आमच्याकडे विचारणा झाली की घड्याळं दुरुस्त करायचा धंदा काढलाय का.

एवढं करून एक कोरी नवी रेकॉर्ड लावून बघा. तिथेही शेवटी फाटत असेल तर मग सुईकडे वळा. साधी गोल टोकाची सुई आत हमखास अडखळते, मायक्रोलाइन किंवा शिबाटा जातीची (बारीक धारेच्या टोकाची) बरी चालते, आणि ती ऐंशी हजाराच्या कितीतरी खाली मिळते. सुई 500 ते 1000 तासांत झिजते हेही लक्षात असू द्या. आणि नवी रेकॉर्ड छान वाजते न् जुन्याच फाटतात, तर त्या कुणीतरी आधीच क्रिस्टल पिकअपवाल्या जड प्लेअरवर घासून ठेवल्यात. त्याला इलाज नाही.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): रेकॉर्ड वाजो न वाजो, स्पीकरमधून सतत हूं हूं आवाज येतो.

उत्तर: टर्नटेबलमागे एक बारीक सुटी वायर लोंबत असेल, ती फोनो स्टेजच्या अर्थिंगच्या स्क्रूला जोडा, दहातले आठ लोक तिथेच बरे होतात. कार्ट्रिजमधून येतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइल जातीची असेल तर अर्धाही नाही, ते शेकडो पटींनी वाढवताना भुणभुणही तितकीच वाढणार. तरी गेलं नाही तर टर्नटेबल अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब सरकवा, आणि इलेक्ट्रिशियनला बोलवून थ्री-पिनच्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग आहे का ते तपासा. जुन्या घरांत पुष्कळदा नुसतं भोकच असतं.

प्रश्न (रामबाग, इंदूर): भाच्यानं अमेरिकेहून जुनं बेल्टवालं टर्नटेबल आणून दिलं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी गाणारे सगळे सर्दी झाल्यासारखे गाऊन राहिले आहेत. शिवाय आमचा जुना वाडा, लाकडी पाटण, कुणी चाललं की सुई उडते.

उत्तर: ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज उतरवलं, फ्रिक्वेन्सी कशी उतरणार, आपली वीज 50 हर्ट्झची न् तिकडची 60 ची. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरी फ्रिक्वेन्सीच्या मागे धावतात, म्हणून तुमची एलपी मिनिटाला 28 च्या आतच फिरतेय. स्वरात सांगायचं तर काळी चारची गायिका पांढरी चारला उतरली! त्या मॉडेलची 50 हर्ट्झची पुली मिळते का बघा. स्ट्रोब डिस्कनं (रेघा छापलेली तबकडी, वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात) वेग तपासाल तेव्हा साध्या एलईडी दिव्याखाली तपासू नका, बरेच एलईडी लुकलुकतच नाहीत, जुनी चोकवाली ट्यूबलाइट बरी. वेग बरोबर आला तरी तंबोरा दर दोनेक सेकंदांनी हलला तर मात्र दोष रेकॉर्डच्या मधल्या भोकाचा, ते नेमकं मध्यावर नाही, कारण एका फेऱ्याला 1.8 सेकंद लागतात.

उडणाऱ्या सुईसाठी महागडे पाय-बिय काही घेऊ नका. वाड्याच्या जाड भिंतीत ब्रॅकेट ठोका, वर कोट्याच्या फरशीचा तुकडा, त्यावर टर्नटेबल. पाटणाशी संबंधच तोडायचा. स्पीकर मात्र त्या भिंतीवर टांगू नका आणि कोपऱ्यातही कोंबू नका, भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्या, दोघांमधलं अंतर आणि तुमच्या खुर्चीपर्यंतचं अंतर सारखं ठेवा, मग दर खेपेला चार बोटं सरकवत ऐका. गवई दोन स्पीकरच्या मधोमध येऊन बसला की थांबायचं. खोलीत सतरंजी हवी, काचेचं कपाट समोर असेल तर पडदा ओढा. या सगळ्याला हजार-दोन हजाराच्या वर लागत नाहीत आणि मला विचाराल तर फरक महागड्या स्पीकर-केबलपेक्षा जास्त पडतो, केबलवाले रागावले तर रागावोत.

प्रश्न (छत्रीबाग, इंदूर): आजोबांच्या 78 च्या रेकॉर्ड निघाल्या, बुरशी आली आहे. दवा बाजारातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं आहे, त्यानं पुसू का?

उत्तर: थांबा थांबा! ते व्हिनाइलच्या एलपीसाठी, तेही डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडंसंच. 78 च्या बहुतेक रेकॉर्ड लाखेच्या, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, पुसता पुसता गाणंच पुसलं जाईल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं गोल गोल, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही, नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून घ्यायचं. बुरशी धरलेली कागदी पाकिटं टाकून द्या. वाजवायला वेगळी, जाड टोकाची सुई लागते, एलपीची सुई त्या रुंद खाचेत तळाशी खडखडत बसते. आणि धुतल्यावर वाळवायला गच्चीवर नेऊ नका, सावलीत पंख्याखाली उभ्या ठेवा, मे महिन्यात आपल्या गच्चीवर पापड वाळतात तिथे रेकॉर्डचाही पापड व्हायला एक दुपार पुरते.