वाचकांचे प्रश्न : एक पिस्टन की तिन्ही?

प्रश्न : माझी 2008 ची मारुती 800 मे महिन्यात अमरावती रोडवर रेडिएटरचा पाइप फुटून तापली आणि बंद पडली. थंड झाल्यावर सुरू झाली, पण मिसिंग होतं आणि निळा धूर येतो. इंजिन खोललं तर मधल्या सिलिंडरचा पिस्टन घासलेला निघाला. एक मिस्त्री म्हणतो, तेवढाच बदलू. दुसरा म्हणतो, बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठे करून) तिन्ही टाका. तिसरा भंगारातलं हाफ इंजिन (हेड, म्हणजे वरचं झाकण, सोडून खालचं इंजिन) बसवून द्यायला तयार आहे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तिघांपैकी कोणी बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) मोजला का, हे पत्रात नाही. मोजला नसेल तर तिघांचंही अंदाजपंचे चाललंय.

आधी बोअरमधून नख फिरवा. पिस्टन चिकटला की त्याचं ॲल्युमिनियम बिडाच्या भिंतीला लागून राहतं. चकचकीत पांढरट पट्टा दिसतो आणि ओरखडाच वाटतो, पण तो खोल गेलेला नसतो, वर आलेला असतो. थोडं डिझेल लावून बारीक एमरीने हलक्या हाताने तो निघतो. त्याखाली नख अडकलं, तर होनिंगने (भिंत दगडाने हलकी घासून) भागणार नाही.

मग डायल गेजने माप घ्यायला सांगा. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं दोनदा. असे अठरा आकडे कागदावर लिहून मागा. जो लेथवाला लिहून देत नाही त्याच्याकडे ब्लॉक टाकू नका. मूळ बोअर 68.5 मिमी. एकाच सिलिंडरच्या सगळ्यात मोठ्या आणि लहान मापात 0.10 मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर तिथे नवा पिस्टन घालणं म्हणजे पैसे पाण्यात. सकाळी थंड इंजिन टकटक वाजेल, झिजलेल्या भिंतीला रिंग नीट टेकणार नाही आणि ऑइल पुन्हा जळेल.

माप आत असेल, तर पहिल्या मिस्त्रीचं बरोबर. स्टँडर्ड साइजचा एक पिस्टन गजन पिनेसह (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) घ्या, पण जुन्या दोघांशी काट्यावर वजन जुळवून बघा. तीन सिलिंडरचं इंजिन आधीच थरथरतं. चिकटलेल्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकला नाही ना, हे तपासूनच घ्या. रिंगा मात्र तिन्हींच्या नव्या टाका आणि तिन्ही बोअरला होनिंग करा. प्रत्येक रिंग नुसती बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधला गॅप फिलरने (पातळ मापपट्टीने) बघा. वरच्या रिंगेला 0.20 ते 0.35 मिमी लागतो. कमी असला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

बोअर गेला असेल तर दुसऱ्याचं ऐका. एक सिलिंडर मोठा केला की बाकीचे दोन्हीही त्याच मापाला न्यावे लागतात. ओव्हरसाइज 0.25 किंवा 0.50 मिमी, लेथवाले याला दहा थाऊ, वीस थाऊ म्हणतात (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आधी पिस्टन विकत घ्या, मग बोअर करा. उलट करू नका. एकाच पेटीतल्या पिस्टनांतही किंचित फरक निघतो, आणि पिस्टन-भिंतीत फट हवी ती जेमतेम चार शतांश मिमी.

हाफ इंजिनाच्या नादी लागू नका. त्याचा बोअरही कोणी मोजलेला नसतो, शिवाय ब्लॉकवरचा इंजिन नंबर बदलला की आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. आरसीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: तुमच्या गाडीची 15 वर्षं 2023 मध्येच संपली. पाच वर्षांचं नूतनीकरण झालं नसेल किंवा तळाचा पत्रा गंजला असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी तो हिशेब करा.

हेडही तापलेलं आहे. सरळ पट्टी ठेवून 0.05 मिमीची फिलर सरकते का बघा. सरकली तर फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. आणि रेडिएटर? बोअरवेलचं पाणी घालत असाल तर आत क्षार साचलेला असणारच. तो साफ न करता, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा स्विच न तपासता इंजिन बांधलं, तर पुढच्या नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हाच पिस्टन पुन्हा चिकटेल.

प्रश्न : इंजिन न खोलता पिस्टन-रिंग गेली की व्हॉल्व्ह, हे कळतं का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : बऱ्यापैकी कळतं. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) घ्या. सिलिंडरांत 1 किलोपेक्षा (प्रति चौ. सेंमी) जास्त फरक नको. जो कमी आहे त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग किंवा बोअर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पण पिस्टनला भोक पडलं असेल तरी आकडा हलत नाही. म्हणून प्लग परत लावा आणि ऑइल भरायचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवा. तिथून फसफस धूर येत असेल, तर व्हॉल्व्हवर खर्च करण्याआधी पिस्टन बघा.