गच्चीवरचा इन्व्हर्टेड व्ही: चार मीटर की नऊ?

तुम्ही मुलुंडच्या सात मजली इमारतीत राहता, गच्चीवर चार मीटरच्या पाइपावर हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्यावर उंच आणि दोन्ही टोकं खाली उतरणारी तारेची अँटेना, लावलाय. पाइप नऊ मीटरचा केला तर युरोपशी संपर्क लागेल का, आणि पुणे-कोल्हापूरची रोजची मंडळी सुटतील का, असं विचारलंत. पाइप जरूर वाढवा. पण युरोपपेक्षाही तार स्लॅबपासून लांब जावी म्हणून वाढवा.

अँटेनाच्या पुस्तकांतले आलेख मोकळ्या जमिनीवरच्या खांबांचे असतात. ४० मीटरवर तरंगलांबी साधारण ४२ मीटर. डायपोल (मध्यावर केबल जोडलेली दोन भुजांची तार; इन्व्हर्टेड व्ही त्याचाच प्रकार) पाव तरंगलांबीपर्यंत, म्हणजे साडेदहा मीटरपर्यंत उंचीवर असेल तर बहुतेक शक्ती वर आभाळात जाते आणि तीनचारशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. अर्ध्या तरंगलांबीच्या उंचीवर मुख्य लोब, म्हणजे सर्वाधिक शक्ती जाणारा झोत, क्षितिजापासून ३० अंशांवर येतो. गच्चीवर मात्र उंची मोजायची कुठून? क्षितिजाकडे तिरप्या जाणाऱ्या लहरींचं परावर्तन पन्नास-साठ मीटर पलीकडे, रस्त्यावर नाहीतर शेजारच्या इमारतींवर होतं. त्यांच्या हिशेबात तुमची तार आजच सुमारे २६ मीटरवर आहे. सरळ वर जाणाऱ्या लहरींसाठी मात्र खालचा सळ्यांचा स्लॅब हीच बऱ्याच अंशी जमीन.

आता आकडे घालून बघा. तरंगलांबीला उंचीच्या चौपटीने भागलं की मुख्य लोबच्या कोनाचा साइन मिळतो. २६ मीटरला कोन येतो २४ अंश, ३१ मीटरला २०. पाच मीटर पाइप चढवून चार अंश. युरोपसाठी हे थोडं उपयोगी आहे, पण चमत्कार नाही. त्यातून युरोपची दिशा वायव्येची, आणि मुलुंडला त्या बाजूला येऊरचे डोंगर उभे आहेत. अगदी खालचे काही अंश ते अडवणारच.

खरा फायदा स्लॅबचा. चार मीटर म्हणजे जेमतेम एक दशांश तरंगलांबी, आणि इन्व्हर्टेड व्हीची टोकं तर त्याहून खाली येतात. इतक्या जवळ काँक्रीट शक्ती खातं. शिवाय लिफ्टचे ड्राइव्ह, एलईडी दिवे, चार्जर यांचा सगळा गोंगाट इमारतीला चिकटून असतो. मुंबईत ऐकू न येणं हेच मोठं दुखणं आहे. समोरचा तुम्हाला ऐकतो, तुम्हाला तो ऐकू येत नाही. नऊ मीटरवर मध्यबिंदू तरंगलांबीच्या एक पंचमांशावर येईल. वरची दिशा तिथेही भक्कमच राहते, त्यामुळे पुणे-कोल्हापूर सुटणार नाहीत, उलट सुधारतील असा माझा अंदाज आहे. फीडपॉइंटला, म्हणजे केबल तारेला जोडते तिथे, फेराइट कोअरवर कोअॅक्सचे (सेटपासून येणाऱ्या केबलचे) वेढे घेऊन चोक जरूर लावा. नाहीतर कोअॅक्सची बाहेरची बाजूच अँटेना होऊन घराघरातला गोंगाट वर आणते.

अंधार पडल्यावर पुणे नाहीसं झालं तर पाइपाला दोष देऊ नका. आयनांबराची (लहरी परत पाठवणाऱ्या वातावरणातल्या वरच्या थराची) क्रांतिक वारंवारता, म्हणजे सरळ वर सोडलेली लहर परत येण्याची कमाल मर्यादा, ७ मेगाहर्ट्झच्या खाली गेली की वर सोडलेली लहर परतच येत नाही. तेव्हा ८० मीटर बँडवर जायचं.

उंची बदलली की अनुनाद (तार ज्या वारंवारतेला जुळते ती) आणि इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) दोन्ही सरकतात, म्हणून तार कापायची घाई करू नका. दोन्ही बाजूंची टोकं मागे दुमडून ठेवा, नव्या उंचीवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) बघा, मग ठरवा. दोन भुजांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. टोकं मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर ठेवा. प्रसारण चालू असताना तिथे मोठा विद्युत दाब असतो, भाजतं.

पाइपाच्या टोकाला कप्पी लावाच. दोरीने तार खालीवर करता आली तर पावसाळ्याआधी सगळं उतरवता येतं आणि तुलनाही करता येते. तुलना अशी करा: डब्ल्यूएसपीआर (क्षीण संदेश आपोआप पाठवायची पद्धत; दूरचे रिसीव्हर तो किती जोरात ऐकला ते नोंदवतात) चालू ठेवा आणि जवळपासच्या एखाद्या हॅमलाही त्याच वेळी चालू ठेवायला सांगा. एकाच रिसीव्हरने एकाच दोन मिनिटांच्या खिडकीत दोघांचे दिलेले रिपोर्ट शेजारी ठेवा. त्यांच्यातला फरक बदलला तरच ते अँटेनाचं श्रेय. नुसता आपला आकडा वाढणं ही आयनांबराची करामत असू शकते. चार मीटर आणि नऊ मीटर आलटून पालटून घ्या, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

पाइपाला ताणाचे दोर तीन दिशांना, टोकाला आणि मध्यावर, असे दोन थर. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला किंवा इमारतीच्या तडितरक्षकाला काहीही बांधायचं नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत जोडांवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप हवीच, नाहीतर एका पावसाळ्यात कोअॅक्सची जाळी हिरवी पडते. गडगडाट ऐकू आला की कोअॅक्स सेटपासून काढायचा.

दोन मीटर बँडच्या अँटेनाबद्दल ओझरतं विचारलंत. तिथे हिशेब साधा, जितकं उंच तितकं बरं. रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये, उंचीच्या मीटरमधल्या वर्गमुळाच्या साधारण ४.१ पट. फक्त आरजी-५८ हा बारीक कोअॅक्स तीस मीटर ओढलात तर जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच जाईल, तेव्हा तिथे जाड आरजी-२१३ घ्या.

आकडे आले की रिसीव्हरचं अंतर आणि वेळ दोन्ही लिहून पाठवा, मी इकडे माझ्या नोंदींशी ताडून बघतो. ७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा).