चर्च काढताना फूटपट्टी घरी ठेव

अरे तुझं नाशिकच्या शरणपूर रोडच्या चर्चचं वॉटरकलर बघितलं, रेषा एकदम सरळ आल्यात, पण राग मानू नको, बिल्डरच्या प्लॅनसारखं दिसतंय ते. मीपण आधी हेच करायचो, एकेक दगड मोजत बसायचो आणि तोवर सावली पार पलीकडच्या भिंतीवर गेलेली.

तू रोबेर देलोने या फ्रेंच चित्रकाराची चित्रं बघ. त्याने १९०९-१० मध्ये पॅरिसच्या सँ सेव्हरँ चर्चचा आतला भाग परत परत रंगवला, वेदीच्या मागून जाणारी वाट आहे ना, आपल्या प्रदक्षिणेच्या वाटेसारखी, तीच. खांब चक्क आत झुकलेत, जमीन लाटेसारखी हलतेय आणि रंगीत काचेतून आलेला उजेड फरशीवर तुकड्या-तुकड्यांनी पडलाय. आपण मान वर करून फिरतो तेव्हा डोळ्याला असंच दिसतं की, फोटोत नाही दिसत.

लायोनेल फायनिंगर या चित्रकाराची चित्रं पण बघ. जर्मनीतल्या वायमारजवळच्या गेल्मेरोडा गावातलं एक साधं चर्च, तेच १९१३ पासून १९३६ पर्यंत १३ वेळा ऑइलमध्ये केलं त्याने, शिखराच्या कडा आकाशात लांबवून. आणि आपण एका रविवारी दोन चर्च उरकतो!

तर आता पुढचे चार रविवार तेच चर्च, सकाळी आठच्या आत पोच, पेन्सिल कमी, मोठा फ्लॅट ब्रश घे आणि आधी फक्त सावल्या टाक. खिडक्या सगळ्यात शेवटी. पाऊस आला तर काळाराम मंदिराच्या सभामंडपात बस, खांब तिथेपण आहेत.