अळ्यांसाठी घर तारण ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा: "आमची एक हजार लेअर कोंबड्यांची पोल्ट्री आहे. जोडीदाराची नोकरी आहे. खाद्याचा खर्च परवडेनासा झालाय. ओल्या कचऱ्यावर 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' या माशीच्या अळ्या वाढवायचा प्रकल्प एक कंपनी उभारून देते. रोज एक टन कचऱ्याची क्षमता, आणि वाळवलेल्या अळ्या तीच विकत घेणार. आमच्याकडे तीस महिन्यांच्या घरखर्चाएवढी बचत आहे. त्यातले वीस महिन्यांचे पैसे घालायचे आणि बाकीचे घर तारण ठेवून उभे करायचे म्हणतोय. महिनाअखेरपर्यंत टोकन भरलं तर सूट आहे. भरावं का?"

टोकन भरू नका, आणि घराला तर हातच लावू नका. अळ्या मात्र जरूर वाढवा. तुमच्या कोंबड्या खातील तेवढ्याच, आणि पुढचे काही महिने हे काम व्यवसाय म्हणून न बघता खाद्याच्या बिलातली काटकसर म्हणून बघा. या दोन्ही गोष्टी मी एका दमात का सांगतोय ते आता बघू.

तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात लिहिलंय की एक टन कचऱ्यातून २०० किलो 'प्रोटीनयुक्त अळी' मिळते. आकडा खोटा नाही. काम चोख असेल तर ओल्या कचऱ्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्के अळी हाती येते. फक्त ते वजन जिवंत अळीचं आहे आणि तिच्यात जवळपास दोन तृतीयांश पाणी असतं. या पाण्याबाबत माहितीपत्रकाची अळीमिळी गुपचिळी आहे. वाळवल्यावर २०० किलोचे साठ-पासष्ट किलो उरतात. त्यात प्रथिनं साधारण ४० टक्के धरा, म्हणजे झाली पंचवीस किलो. एवढी प्रथिनं पंचावन्न किलो सोयापेंडीतही मिळतात. अळीत चरबीही भरपूर असते, साधारण ३० टक्क्यांच्या आसपास, तिचे थोडे पैसे वेगळे धरा. आता कागद घ्या आणि पंचावन्न किलो सोयापेंडीला तुमच्याकडे आज किती पडतात ते लिहा. त्याखाली एक टन कचरा रोज आणायचं भाडं, तो निवडून दळायची मजुरी, ट्रे भरायची आणि चाळायची मजुरी, ड्रायरचं इंधन आणि कर्जाचा रोजचा हप्ता लिहा. वरच्या आकड्यातून खालचे सगळे वजा केल्यावर काही उरतंय का, ते मला नका सांगू, आधी घरात एकमेकांना सांगा.

मग हा धंदा जगात कोणाला परवडतो? मुख्यतः ज्याला कचरा उचलायचे पैसे मिळतात त्याला. बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष माशीकडे असतं. खरं तर ही कचरा वाहतुकीची आणि प्रक्रियेची सेवा आहे, अळी हे तिचं जोडउत्पादन. मंडई, फळप्रक्रियेचा कारखाना किंवा मोठं स्वयंपाकघर तुम्हाला दर टनामागे लेखी कराराने पैसे देत असेल तर ताळेबंद उभा राहतो. कचरा फुकट मिळत असेल तर जेमतेम. आणि कचरा विकत घ्यायची वेळ आली तर प्रकल्प त्या दिवशीच संपला समजा. आज फुकट देणारा, त्याचं कोणी पैशात रूपांतर करतंय हे कळल्यावर पुढच्या वर्षी फुकट देईलच असं नाही. तुमच्या पत्रात कचरा कुठून येणार याबद्दल एकच वाक्य आहे: "तो काय, कुठेही मिळतो." मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटली.

मिळतो तो बहुतेकदा मिसळलेला असतो. प्लास्टिक निवडता येतं, कॅडमियमसारखा विषारी धातू येत नाही, आणि ते या अळीच्या अंगात साठतं. म्हणूनच अळी कशावर वाढली याकडे कायदा डोळ्यात तेल घालून बघतो. युरोपीय संघाने कीटकांची प्रथिनं २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात चालतील असं ठरवलं, पण हॉटेलातलं उष्टं किंवा शेण-विष्ठा अळ्यांना घालायला तिथे मनाई आहे. तुमच्याकडचा नियम काय म्हणतो ते पशुसंवर्धन खात्याकडून लेखी घ्या. कंपनीच्या विक्री प्रतिनिधीचं तोंडी आश्वासन इथे कामाचं नाही.

आता माशीबद्दल. ती निरुपद्रवी आहे, चावत नाही, घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही. प्रौढ माशी एक-दोन आठवडेच जगते आणि अळी असताना साठवलेल्या चरबीवर तेवढे दिवस काढते. अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंतचं चक्र साधारण दीड महिन्याचं. ऐकायला सोपं वाटतं. पण रोज एक टन कचरा संपवायचा तर दररोज साडेसहा लाखांच्या वर पाच दिवसांच्या अळ्या ट्रेमध्ये सोडाव्या लागतात (दहा हजार अळ्या बारा दिवसांत पंधरा किलो ओला कचरा खातात, हा हिशोब). वाटेत मरणाऱ्या धरल्या तर त्यासाठी रोज वीस-पंचवीस ग्रॅम अंडी हवीत. चमचाभरच, पण तेवढ्यासाठी दररोज दोनेक हजार माद्यांनी लाकडी पट्ट्यांच्या फटीत अंडी घातली पाहिजेत, आणि एक मादी सहसा आयुष्यात एकदाच घालते. बरं, या माशा मीलनासाठी भरपूर उजेड मागतात. सलग आठवडाभर आभाळ आलं की अंडी घटतात, दोन आठवड्यांनी अळ्या घटतात, आणि कचऱ्याची गाडी मात्र रोज दारात उभी राहते. तो कचरा मग कुठे ठेवणार? वास सुटला की पहिली तक्रार शेजारी करतील आणि दुसरी तुमच्या कोंबड्यांचे डॉक्टर, कारण त्या ढिगावर येणारी माशी घरमाशी असेल.

तुम्ही पत्रात लिहिलंय की "जगभर मोठमोठे गुंतवणूकदार यात उतरलेत." उतरलेत, खरं आहे. काही बुडालेतही. मीलवर्म जातीच्या अळ्यांचा प्रचंड कारखाना उभारणाऱ्या इन्सेक्ट या फ्रेंच कंपनीत कोट्यवधी युरो ओतले गेले. २०२४ मध्ये तिला न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं, आणि पुढच्या वर्षी ती दिवाळखोरीत गेली. कीटक वेगळा असला तरी बाजार तोच. पशुखाद्यात अळीची स्पर्धा सोयापेंड आणि फिशमीलशी (माशांच्या भुकटीशी) आहे, आणि खाद्य कारखाना पर्यावरणासाठी टाळ्या वाजवतो पण माल दर किलोच्या भावानेच घेतो.

म्हणून तुमची कंपनी जी 'बायबॅक'ची, म्हणजे तुमचा माल विकत घ्यायची, हमी देते, ती मला हमी वाटत नाही. करार वाचताना ओलाव्याची आणि राखेची टक्केवारी किती मागितली आहे, भाव ठरलेला आहे की 'प्रचलित दराने', वाहतूक कोणाकडे, आणि माल नाकारल्यावर तपासणी कोण करणार, एवढं बघा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीचा ताळेबंद मागा. तिचं उत्पन्न अळीखाद्य विकून येतंय की तुमच्यासारख्यांना प्रकल्प विकून? दुसरं असेल तर नवे ग्राहक थांबतील त्या दिवशी तुमच्या अळ्या घ्यायला कोणी नसेल. प्राणी-पक्षी पाळून देतो, माल परत घेतो, अशा योजना याच जागी कोसळतात.

घराचा प्रश्न. वीस महिने गेले तरी दहा महिन्यांचा घरखर्च हातात राहतो, असं तुम्ही म्हणता. तो आकडा फसवा आहे, कारण त्यात कोंबड्यांची पुढची बॅच आणायचे पैसे धरलेले नाहीत. शिवाय उद्या परिसरात बर्ड फ्लू आला तर अंड्यांचं उत्पन्न जाईल आणि त्याच आठवड्यात पशुखाद्याचं गिऱ्हाईकही जाईल. दोन धंदे वेगळे दिसतात, पण बुडतील एकत्र. तेव्हा जोडीदाराच्या एका पगारावर घर आणि हप्ता दोन्ही येतील. वर्षभराचा घरखर्च आणि एका बॅचचे पैसे बाजूला ठेवून जे उरतं, तेवढीच तुमची जोखमीची रक्कम.

त्या रकमेतूनही सुरुवातीला दोन महिन्यांच्या घरखर्चापेक्षा जास्त घालू नका. तुमच्या हजार कोंबड्या दिवसाला साधारण ११० किलो खाद्य खातात. त्यातलं दहा टक्के कोरडं वजन अळ्यांतून द्यायचं तर रोज तेहतीस किलो जिवंत अळ्या पुरतील आणि त्यांना सुमारे दोनशे किलो निवडलेला भाजी-फळांचा कचरा लागेल. अळ्या जिवंतच घाला, म्हणजे ड्रायर नको, पॅकिंग नको आणि कोणाचा बायबॅकही नको. अळीत कॅल्शियम बरंच असतं, त्यामुळे बाकीचं खाद्य तसंच ठेवून वरून अळ्या ओतू नका. खाद्याचं मिश्रण पशुपोषण तज्ज्ञाकडून नव्याने बसवून घ्या. अंड्याच्या खर्चात ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचा असतो, त्यामुळे सगळं जुळून आलं तरी तुमचा एकूण खर्च फार तर सहा-सात टक्क्यांनी उतरेल, आणि त्यातूनही कष्टांची किंमत वजा होईल. अळ्यांनी खाऊन उरलेला भुसभुशीत गाळ आणखी काही आठवडे कुजू दिलात तर खत म्हणून जातो. त्याचे पैसे आले तर आले, हिशोबात धरू नका.

सुरुवात वीस किलो कचऱ्याने करा, हात बसला की दोनशेवर जा. एक वही ठेवा: कचरा किती किलो आला, अळी किती निघाली, कोण किती तास राबलं. स्वतःच्या तासांनाही बाहेरच्या मजुराचा दर लावा, घरचे हात फुकट धरले की कुठलाही जोडधंदा नफ्यात दिसतो. पावसाळी दिवसांसकट सहा महिन्यांत अळीचं प्रमाण सातत्याने १५ टक्क्यांच्या वर राहिलं आणि उचलण्याचे पैसे देणारा एक तरी कचरा-करार सहीसह हातात आला, तर मोठ्या शेडचा विचार करू. तोही कर्ज शेड आणि यंत्रावर काढून, घरावर नाही. दोन्हींपैकी एक जरी जमलं नाही तरी अळ्या कोंबड्यांपुरत्या चालू राहू द्या.

राहता राहिली महिनाअखेरची सूट. कंपनीला कळवा की कराराचा पूर्ण मसुदा आणि दोन वर्षांपूर्वी प्रकल्प घेतलेल्या पाच ग्राहकांचे फोन नंबर आधी द्या, टोकनचं मग बघू. मसुदा आला तर मला पाठवा, आणि त्या पाचांना फोन करून एवढंच विचारा की गेल्या तीन महिन्यांत कंपनीने त्यांच्याकडून किती किलो माल उचलला आणि पैसे किती दिवसांत दिले.