व्हॅक्सिन डेपोत पक्षी बघायला पहिल्यांदा जाताय? हे वाचून जा

भावा, बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपो म्हणून झाडीची जागा आहे, तिथं सकाळी ऊन पडायच्या आत पोच, आणि कानातले इयरफोन काढून खिशात ठेव, कारण तिथं अर्धे पक्षी आधी ऐकूच येतात मग दिसतात. फिरत बसू नको. फळं लागलेला वड नाहीतर उंबर गाठ आणि गप उभा राहा की अर्धा तास, तांबट येणारच, हिरवा, कपाळावर लाल टिक्का, टुक टुक करताना गळा कसा फुगतो ते नीट बघ. दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बास, महागडा कॅमेरा आत्ताच नको. मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलवायचं मात्र अजिबात करू नको रे, विणीच्या दिवसात लई त्रास होतो त्यांना. पावसाळ्यात बूट घालूनच जा, गवतात साप असतात.