सॉकेट आणि वायरिंग बदललं तर घरातल्या ऑडिओ सिस्टीमचा आवाज खरंच सुधारतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या सोसायटीतला फ्लॅट, चांगला अ‍ॅम्प, बुकशेल्फ स्पीकर, गाणं थांबलं की बारीक घरघर. दुकानदार म्हणतो, सोन्याचा मुलामा दिलेला सॉकेट आणि मनगटाएवढी पॉवर केबल घ्या. घ्यावी का?

नका घेऊ. वायरमनला बोलवा.

अ‍ॅम्पच्या आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर असतात. भिंतीतून आलेल्या एसीची (दिशा बदलत राहणाऱ्या विजेची) डीसी (एकाच दिशेने वाहणारी) तिथे होते आणि गाणं त्या डीसीवर चालतं. आता हिशेब बघा. डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या डब्यापासून, पॉइंटपर्यंत पंधरा मीटर अंतर धरलं, तर जाऊन-येऊन तीस मीटर वायर झाली. अ‍ॅम्प २०० वॅट घेतो म्हणजे साधारण एक अँपिअर. एक चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरीत अर्ध्या व्होल्टच्या आसपास घट होते, अडीचच्या वायरीत पाव व्होल्टहूनही कमी. फरक फार तर एक तृतीयांश व्होल्टचा, आणि आपल्याकडचे २३० दिवसभरात सहज पाच-दहा व्होल्ट वरखाली होतात. मग भिंतीबाहेरच्या दीड मीटर केबलने काय बदलणार? जपानमध्ये काही शौकिनांनी स्वतःच्या घरापुरता विजेचा वेगळा खांब उभारून घेतल्याचं २०१६ साली छापून आलं होतं. हौसेला मोल नसतं, ठीक आहे.

पण वायरिंगचा काहीच संबंध नाही, असंही नाही. संबंध आहे तो अर्थिंगचा आणि ढिल्या जोडांचा.

जुन्या इमारतींत थ्री-पिन सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे बरेचदा वायरच नसते. वायरमनकडून मीटर लावून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट दिसलं तर ठीक. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे असं भलतंच काही दाखवत असेल, तर अर्थिंग हवेत आहे, म्हणजे जमिनीला जोडलेलंच नाही, असं समजा. अ‍ॅम्पच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळेच. एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. काही महाभाग बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळून 'झालं अर्थिंग' म्हणतात. पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर अ‍ॅम्पच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतील. असं दिसलं तर तो माणूस बदला.

घरघरीचं मूळ शोधायला पैसे लागत नाहीत. आधी अ‍ॅम्पच्या डब्याला कान लावा. आवाज डब्यातूनच येत असेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय. घरात स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल आणि लाइट गेल्यावरच हे होत असेल, तर कारण तोच. स्पीकरमधून येत असेल तर सिस्टीम बंद करून मागच्या सगळ्या इनपुट वायरी काढा, मग चालू करा. तरीही घरघर राहिली तर अ‍ॅम्प दाखवून आणा. थांबली, तर एकेक वायर परत जोडत जा. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा सेटटॉप बॉक्सच सापडतो. केबलवाल्याच्या वायरीतली धातूची जाळी दुसरीकडे कुठेतरी जमिनीला टेकलेली असते, तुमच्या अ‍ॅम्पचं अर्थिंग वेगळं, आणि दोन्हींमध्ये ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो. टीव्ही-अ‍ॅम्प जोडायला ऑप्टिकल केबल (विजेऐवजी प्रकाशाने आवाज नेणारी) वापरा, म्हणजे तो रस्ताच तुटतो. ती काही शेकड्यांत मिळते. घरघर घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला, तर हात जोडा.

घरघरीऐवजी चर्रर्र असा आवाज असेल तर पंख्याचा रेग्युलेटर फिरवून बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमर विजेची लाट मध्येच कापतात, त्याचा कचरा लाइनवर येतो.

एवढं करूनही घराचं काम काढणारच असाल, तर डीबीतून ऑडिओसाठी अडीचची स्वतंत्र वायर ओढून घ्या, हिरवी अर्थ वायर सोबत, वेगळी एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच), आणि शेवटी आयएसआय मार्कचा साधा सोळा अँपिअरचा सॉकेट. थ्री-फेज कनेक्शन असेल तर सिस्टीमचे सगळे डबे एकाच फेजवर ठेवा, एअर कंडिशनर आणि फ्रिज दुसऱ्यावर. डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर त्याच दिवशी बसवून घ्या. तिने आवाजात काडीचा फरक पडणार नाही, पण घरात मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय.

काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या आणि अर्थिंगचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा. सॉकेटचे वाचलेले पैसे स्पीकरच्या स्टँडवर आणि समोरच्या उघड्या फरशीवर जाड सतरंजी टाकण्यात घाला. तो फरक घरातल्या कोणालाही न सांगता कळेल.