‘उत्क्रांत’ समाज म्हणजे कुठे गेलेला समाज?

फोंड्याहून एका शिक्षिकेने विचारले आहे : ‘गांवकारी (गोव्यातली, गावाची जमीन मिळून सांभाळायची जुनी रीत) ही समाजाच्या उत्क्रांतीतली खालची पायरी होती, आजचा गोवा त्याहून उत्क्रांत आहे’ असे एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले. उत्क्रांती आणि विकास हे शब्द समानार्थी धरून चालतील का? आणि ‘उत्क्रांत समाज’ हा प्रयोग बरोबर आहे का?

नाही आणि नाही. विद्यार्थ्याला दोष देऊ नका. व्याख्यानांतून, सत्कारांतून, अग्रलेखांतून हेच त्याच्या कानांवर पडत असते. ‘उत्क्रांत’ म्हणजे सुधारलेला, पुढारलेला, आपल्यासारखा. ऐकले की माझे डोके उठते.

विकासाचे लवकर उरकतो. विकास म्हणजे कळी उमलणे. आत होते तेच बाहेर आले. गंमत अशी की इंग्रजी इव्होल्यूशनचे मूळही तिथेच आहे. लॅटिनमध्ये ‘एव्होल्वेरे’ म्हणजे गुंडाळी उलगडणे. म्हणजे शब्दाला शब्द द्यायचा तर विकासच जवळचा होता. डार्विनला मात्र उमलणे म्हणायचेच नव्हते. 1859 साली त्याचा ग्रंथ निघाला, त्या पहिल्या आवृत्तीत इव्होल्यूशन हे नाम एकदाही नाही. ‘इव्हॉल्व्ह्ड’ हे क्रियापदाचे रूप आहे, तेही ग्रंथाचा शेवटचा शब्द म्हणून. तो शब्द गाजवला इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने. ‘जो लायक तो टिकेल’ हे 1864 चे वचनही स्पेन्सरचेच, डार्विनने ते नंतर घेतले. समाज साध्याकडून गुंतागुंतीच्याकडे चढतो, ही शिडी स्पेन्सरची.

आता आमचा शब्द. धातू क्रम्, म्हणजे पाऊल टाकणे. ‘उत्’ म्हटले की लोकांना फक्त ‘वर’ दिसते आणि तिथेच शिडी उभी राहते. पण उत् म्हणजे ‘बाहेर’सुद्धा. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून जाणे. ‘उत्क्रामन्तं स्थितं वापि’ हा गीतेच्या पंधराव्या अध्यायातला श्लोक ज्यांना पाठ आहे त्यांनी एकदा शांतपणे म्हणून पाहावा. ब्रह्मसूत्रांत ‘उत्क्रान्तिगत्यागतीनाम्’ असे सूत्रच आहे : जाणे, पोचणे, परत येणे. तेव्हा जुन्या अर्थाने ‘उत्क्रांत समाज’ म्हणजे प्राण गेलेला समाज.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते. प्रश्नोपनिषदाच्या दुसऱ्या प्रश्नात वाणी, मन, डोळे, कान वगैरे सगळे बढाई मारतात की हे शरीर आम्हीच तोलून धरले आहे. मुख्य प्राण म्हणतो, भ्रमात राहू नका, धरणारा मी. त्यांचा विश्वास बसत नाही. तेव्हा तो अभिमानाने जरासा वर उठल्यासारखे करतो. तो उठताच बाकीच्यांना उठावे लागते, तो बसताच बसावे लागते. उपमा कोणती, तर मधमाश्यांची : मधुकरराजा उत्क्रमण करू लागला की सगळ्या माश्या त्याच्यामागे उत्क्रमण करतात. (आज आपल्याला ठाऊक आहे की ती राणी असते आणि जुन्या पोळ्यातला मोठा जथा घेऊन नवे घर करायला निघते.) उत्क्रम् हाच धातू आणि विषय कोणता? एकत्र राहणाऱ्यांना एकत्र धरून ठेवते ते काय! समाजरचनेबद्दल याहून नेमका प्रश्न मला माहीत नाही. इथे कुणी शिडी चढत नाही. कोण उठले म्हणजे कोण उठते, एवढेच पाहायचे.

माझे एक अभ्यासक मित्र यावर म्हणतात की पारिभाषिक शब्द एकदा घडला की त्याला जुना अर्थ चिकटवू नये. मान्य. मग ‘उत् म्हणजे वर’ हा जुना अर्थ तुम्ही कशाच्या बळावर चिकटवता? सोयीचा तेवढा जुना अर्थ ठेवायचा आणि अडचणीचा टाकायचा, याला परिभाषा म्हणत नाहीत.

शिडीवाल्यांचे मुकुटमणी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लुइस हेन्री मॉर्गन. 1877 साली त्यांनी अख्खी मानवजात वन्य, रानटी आणि सुसंस्कृत अशा तीन अवस्थांत बसवली. मातीची भांडी आली की रानटी, अक्षरे आली की सुसंस्कृत. एंगल्सने 1884 मध्ये हीच मांडणी उचलली. पुन्हा क्रम् धातूच पाहा : त्रिविक्रमाने तीन पावलांत विश्व मोजले आणि तिसरे पाऊल बळीच्या डोक्यावर पडले. मॉर्गनचे पाऊलही असेच कुणाच्या तरी डोक्यावर पडत आले आहे. इंग्रज कायदेपंडित हेन्री मेन तर कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेसदस्य होते. 1871 मध्ये त्यांनी लिहिले ते असे की आपल्या खेड्यांत युरोपचा भूतकाळ जिवंत सापडतो. आमचा वर्तमान म्हणजे त्यांचा भूतकाळ! विद्वत्ता मोठी, पण हे वाक्य मी कधीच मान्य करणार नाही.

गांवकारी या शिडीवर कुठे ठेवाल? 1526 मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशियाने तिचे रीतिरिवाज सनदेत उतरवले, म्हणजे पोर्तुगीज आले तेव्हा ती चालू होती. जमीन गावाची, वांगडांनी (गांवकारांच्या कुळांनी) मिळून निर्णय घ्यायचा, शेतांची पावणी (लिलाव) करायची, बांध आणि देवळाचा खर्च भागवून उरेल त्याची गांवकारांत जोण वाटायची. (जोण म्हणजे आपला ‘जण’च, दरडोई वाटा, असे माझे ठाम मत आहे.) भरतीचे खारे पाणी अडवून खाजन (खाडीकाठच्या सखल जमिनीची) शेती उभी केली, मानशीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या झडपेची) दारे भरती-ओहोटीबरोबर लागतील आणि उघडतील अशी बसवली. बायकांना आणि बाहेरून आलेल्यांना तिथे जोण नव्हती, हा अन्याय मी झाकत नाही. पण सामाईक वस्तू लोक स्वतः नियम करून शतकानुशतके टिकवू शकतात, हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ती रीत खालच्या पायरीची असती तर जगाला 2009 मध्ये तिच्याकडे वळून पाहावे लागले नसते.

माझे म्हणणे असे की गांवकारीचे जे झाले ते प्रश्नोपनिषदातल्यासारखे झाले. तिचा मुख्य प्राण होता शेतावरचा आणि बांधावरचा एकत्र हक्क. पोर्तुगीज राजवटीत कोमुनिदादींवर (हे गांवकारीचेच पोर्तुगीज नाव) सरकारी नियम चढत गेले, मुक्तीनंतर 1964 चा कूळकायदा आला, 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कुळे मालक झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. पण शेत एकाचे आणि बांध सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही, अशी गत झाली. हक्क उठला तशी देखरेख उठली, मानशी कुजल्या, कित्येक खाजनांत खारे पाणी शिरले. उरलेल्या जमिनींवर काय चालले आहे ते रोज छापून येते आणि त्यालाही आपण याच धातूचा शब्द वापरतो : अतिक्रमण.

शिक्षिकाबाईंचा प्रश्न राहिलाच. जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांती खुशाल ठेवा, तिथे तो शब्द रुळला आहे, फक्त ‘वर चढणे’ असे समजावू नका. समाजाबद्दल लिहिताना ‘स्थित्यंतर’ लिहायला सांगा. एका स्थितीतून दुसरीत जाणे, एवढेच तो सांगतो. ‘उत्क्रांत समाज’वर लाल रेघ ओढा, आणि ‘खालची पायरी’वर दोन.